पोट सुटते कुणामुळे? बिअरच्या बदनामीची वैद्यकीय चौकशी

नाडीपरीक्षक (धागाकर्ता) :

सोलापुरात पोट सुटलेला पुरुष डॉक्टरसमोर बसला की दोनपैकी एक वाक्य हमखास कानी पडते. पिणारा म्हणतो, "डॉक्टर, एवढी बिअर तेवढी सुटली की पोट आपोआप उतरेल बघा." न पिणारा म्हणतो, "डॉक्टर, मी थेंबालाही शिवत नाही, मग हे आले कुठून?" पहिल्याला आरोपी सापडलेला असतो, दुसऱ्याला स्वतःच्या निर्दोषत्वाची खात्री असते, आणि टेप लावून पाहिली तर दोघांचा घेर जेमतेम बोटभर फरकाने सारखाच भरतो. ढेरीचे सगळे खापर बिअरच्या बाटलीवर फोडणे अन्यायाचे आहे आणि म्हणून बाटलीला सोडून देणेही धोक्याचे आहे, एवढेच मला या धाग्यात मांडायचे आहे. थट्टा माझी आहे. शरीरशास्त्र मात्र खरे आहे.

प्रथम पोटात भरलेले असते काय, ते पाहू. चरबीचे तिथे दोन साठे असतात. एक कातडीच्या लगेच खाली असतो; अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत जी वळी सापडते ती हीच. दुसरा साठा पोटाच्या स्नायूंच्या मागे, आतड्यांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या पडद्यांत आणि आतड्यांवरून खाली लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्यात, म्हणजे वपेत असतो. हा चिमटीत येत नाही. तो पोटाच्या भिंतीला आतून बाहेर रेटतो, त्यामुळे पोट पुढे येते पण हाताला घट्ट लागते, आणि नेमक्या याच घट्टपणाचा आपल्याकडे अभिमान बाळगला जातो. लग्नसराईत पोटावर चापटी मारून "दगड आहे दगड, चरबी नाही" असे ठणकावणारे एक तरी गृहस्थ प्रत्येक मांडवात भेटतात. वैद्यकाच्या दृष्टीने मऊ, ओघळलेले पोट तुलनेने गरीब स्वभावाचे असते. काळजी करावी ती या दगडाची. आतल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले आणि दाह वाढवणारी द्रव्ये आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत उतरतात आणि वाटेत कुठेही न थांबता यकृतात पोहोचतात. तिथून पुढे इन्सुलिन निष्प्रभ होणे, साखर चढणे, रक्तदाब वाढणे आणि यकृतात मेद साचणे हा सगळा गोतावळा जमू लागतो.

जपानच्या सुमो मल्लांचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. ते अवाढव्य असतात, पण सराव जोरात चालू असेपर्यंत त्यांची चरबी बहुतांशी कातडीखालीच राहते. मल्लविद्या सोडली आणि खुराक मात्र सुटला नाही, की तीच चरबी आत भरू लागते. आपल्या तालमींतल्या निवृत्त मंडळींनी याची नोंद घ्यावी, इतकेच नम्रपणे सुचवतो.

आता बाटलीचा हिशेब करू. एक ग्रॅम पिठूळ किंवा साखरेच्या पदार्थातून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम मेदातून ९ आणि एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते. बिअर ५ टक्क्यांची, म्हणजे 'माइल्ड' असेल, तर तीत सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असते आणि त्याच्या सुमारे १८० कॅलरी होतात. धान्यातून उरलेल्या पिष्टाच्या आणखी ऐंशीएक धरल्या तर बाटली अडीचशेच्या थोडी पुढे जाते. पण आपल्या गावात माइल्ड मागणाऱ्याकडे वेटरही जरा सहानुभूतीने पाहतो. 'स्ट्राँग' ८ टक्क्यांपर्यंत असू शकते आणि तिच्या एका बाटलीचा आकडा साडेतीनशेच्या वर पोहोचतो. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे १७० कॅलरी असतात, म्हणजे स्ट्राँगची एक बाटली ही दोन भाकऱ्यांच्या बरोबरीची झाली. दोन भाकऱ्या खाल्ल्यावर माणूस ताटावरून उठतो. दोन बाटल्या झाल्यावर तो मेनूकार्ड मागवतो. खरा घोटाळा इथे सुरू होतो.

अल्कोहोल साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. पिष्ट ग्लायकोजेन म्हणून ठेवता येते आणि मेदासाठी तर कोठारेच आहेत, पण अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड आणि त्याचे पुढे ॲसिटेट करून ते संपवणे, एवढाच मार्ग यकृतापुढे असतो. म्हणून जेवणाच्या पंगतीत अवचित व्याही येऊन बसावा तसे होते: सगळे वाढपी त्याच्या पानाकडे धावतात आणि घरची माणसे हात आवरून बसून राहतात. मेद आणि साखर ही ती घरची माणसे. १९९९ साली अमेरिकेत निरोगी पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगात सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल दिल्यावर, म्हणजे आपल्या माइल्डच्या जवळपास एका मोठ्या बाटलीइतके दिल्यावर, पुढचे काही तास शरीरातले मेद जळण्याचे प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटले. गंमत अशी, की प्यायलेल्या अल्कोहोलपैकी प्रत्यक्ष मेदात रूपांतर झाले ते ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे पोटात साचते ती बिअर नव्हे. बिअरमुळे जळायचे राहून गेलेले बाकीचे सगळे तिथे साचते.

आणि हे 'बाकीचे सगळे' म्हणजे काय, ते कोणत्याही परमिट रूमच्या टेबलावर रात्री साडेनऊला पाहून घ्यावे. खारे शेंगदाणे आधीच आलेले असतात. मग कांदा-टोमॅटो घातलेला मसाला पापड येतो, ज्याला सगळे 'हलके काहीतरी' म्हणतात आणि जो तळलेला असतो. त्यानंतर कुणीतरी घरून पुडीत बांधून आणलेली शेंगाचटणी निघते, तीवर कच्चे तेल सोडले जाते, आणि कडक भाकरीचे तुकडे तीत बुडवत बुडवत गप्पा रंगतात. शेंगदाणे शंभर ग्रॅमला सुमारे ५७० कॅलरी देतात आणि गप्पांच्या ओघात शंभर ग्रॅम कधी उडाले ते कुणाच्या लक्षात राहत नाही. हे सगळे चालू असताना यकृत व्याह्यात गुंतलेले असते. साडेअकराला "आता जेवायचे ना?" असा प्रश्न निघतो आणि मटणाची ऑर्डर जाते.

जगात दरडोई सर्वाधिक बिअर पिणारा देश म्हणून चेक प्रजासत्ताकाचे नाव आहे. तिथल्या २५ ते ६४ वयाच्या स्त्री-पुरुषांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. इतर सवयींचा हिशेब वजा केल्यावर बिअर आणि पोटाचा घेर यांच्यात दखल घेण्यासारखे नाते त्यात उरले नाही. २००९ साली जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या मोठ्या पाहणीत भरपूर पिणाऱ्या पुरुषांची कंबर वाढलेली दिसली, पण ती एकूण वजन वाढल्यामुळे. बिअर वेचून पोटावरच चरबी चढवते असा पुरावा काही मिळाला नाही. पोटावर चढते याचे कारण आपण पुरुष आहोत आणि चाळिशी ओलांडली आहे हे आहे. स्त्रियांच्या शरीरातली संप्रेरके पाळी जाईपर्यंत मेद मांड्या आणि नितंबांकडे वळवतात. पुरुषांना ती सवलत नाही.

चर्चा व्हावी. टोमणे चालतील, पण पूर्ण वाक्यांत असावेत.

चखणाधिपती :

डॉक्टरसाहेब, लेख आवडला, परंतु शेंगदाण्यांवरील आरोप मनाला लागला. शेंगदाण्यांत प्रथिने असतात, हे आपणच कुठल्या तरी शिबिरात सांगितल्याचे मला स्मरते. शिवाय माझे काही मित्र असे ठामपणे सांगतात की पोट बिअरने येते, व्हिस्कीने येत नाही, म्हणून त्यांनी बिअर सोडून व्हिस्की धरली आहे. आरोग्याच्या दृष्टीने हे पाऊल योग्य म्हणावे काय? मी स्वतः रोज सकाळी कंबर तलावाला फेऱ्या मारतो, त्यामुळे माझा प्रश्न केवळ जिज्ञासेपोटी आहे.

नाडीपरीक्षक :

शेंगदाण्यांत प्रथिने असतात हे खरे, पण त्यांच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा असतो, हेही त्याच शिबिरात सांगितले असणार. श्रोते ऐकताना आपल्या सोयीचे तेवढे उचलतात. व्हिस्कीचे म्हणाल, तर ६० मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल आणि सुमारे १४० कॅलरी असतात. पिष्ट नसते, पण यकृताला व्याही तोच. तुमचे मित्र दोन लार्जवर थांबत असतील, तर आकडा एका माइल्ड बाटलीच्या आसपास येतो. थांबत नसतील, तर त्यांनी केवळ बाटलीचा आकार लहान केला आहे. फेऱ्या मारता हे उत्तम. फेऱ्यांनंतर काय खाता, ते आपण लिहिलेले नाही.

निर्व्यसनी_तरीही :

आपल्या लेखातला 'न पिणारा' तो मीच, असे समजून उत्तर देत आहे. मी बँकेत नोकरीला आहे, आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, एकादशी करतो, आणि माझे हातपाय काटकुळे असून मधोमध मात्र पाच महिन्यांचे गरोदरपण दिसावे असे पोट आहे. वजनकाट्यावर माझे वजन उंचीच्या मानाने योग्य भरते. कार्यालयातले सहकारी मला 'छुपा रुस्तम' म्हणतात आणि माझ्या सोवळेपणावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही. वैद्यकशास्त्राने माझी अब्रू वाचवावी.

नाडीपरीक्षक :

आपली अब्रू वाचवण्याचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कधीच करून ठेवले आहे. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून भरलेले असतो, ही गोष्ट एका छायाचित्रात इतक्या नेटकेपणाने क्वचितच कुणी दाखवली असेल, आणि तीही स्वतःच्या पोटाची साक्ष काढून. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याच्या प्रमाणपत्रावर विसंबून चालत नाही.

आता उलटतपासणी. दिवसभर खुर्ची, टेबलावर येणारा प्रत्येक चहा साखरेचा, आणि एकादशीला तुपातली साबुदाण्याची खिचडी वर शेंगदाण्याचे कूट घालून, असे काही आहे काय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. व्याही न येताही पंगत भरगच्च असू शकते.

निर्व्यसनी_तरीही :

खिचडीबरोबर बटाट्याची भाजीही असते. पुढील प्रश्न विचारू नयेत, ही विनंती.

शिवणमास्तर_नवीपेठ :

मी व्यवसायाने शिंपी आहे. आमच्या गावात शाळांचे गणवेश शिवून देशभर जातात, पण माझ्या दुकानात मोठ्या माणसांच्या पॅन्टचीच कामे अधिक येतात, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते. गिऱ्हाईक येते आणि सांगते, "मास्तर, कंबर छत्तीस." मी टेप लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो: पॅन्ट पोटाच्या वर घालणार की खाली? खाली घालणाऱ्याची छत्तीस कंबर खरोखरच छत्तीस भरते, कारण ती कंबर नसतेच. पोट जिथे संपते तिथले ते माप असते. त्याच माणसाच्या बेंबीवरून टेप फिरवली की बेचाळीस निघते. सीटचे माप वर्षानुवर्षे तेच राहते, मांडी तर उलट उतरत जाते, आणि पोट तेवढे पुढे सरकते. काही जण टेप लावली की श्वास ओढून धरतात, अशा वेळी मी "मुलाचे लग्न कुठपर्यंत आले?" असे काहीतरी विचारतो, उत्तर देताना श्वास सुटतो आणि तेवढ्यात खरे माप मिळते. मागच्या शिवणीत दोन इंच कापड जास्त ठेवा असे न सांगणारे गिऱ्हाईक चाळिशीनंतर क्वचितच भेटते. डॉक्टरांनी माप नेमके कुठे घ्यायचे ते सांगावे, म्हणजे आमच्या वहीत एक रकाना वाढवता येईल.

नाडीपरीक्षक :

मास्तर, या धाग्यावरचे सर्वांत मोलाचे वैद्यकीय निरीक्षण आपले आहे. सीट तीच, मांडी उतरलेली आणि पोट वाढलेले, याचा अर्थ स्नायू घटत आहेत आणि आतली चरबी वाढते आहे. हे वजनकाट्याला कळत नाही, तुमच्या वहीला कळते.

माप असे घ्यावे: बाजूला सर्वांत खालची बरगडी चाचपावी, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपावी, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप जमिनीला समांतर फिरवावी. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचावा. टेप कातडीला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. ज्यांना आकडे लक्षात राहत नाहीत, त्यांनी घेर आपल्या उंचीच्या निम्म्याहून कमी आहे ना, एवढे पाहावे. जपानमध्ये तर २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या नागरिकांची कंबर दरवर्षीच्या आरोग्य तपासणीत मोजली जाते आणि तिथे पुरुषांची रेषा ८५ सेंटिमीटरवर आखलेली आहे. श्वास सोडवण्याची आपली युक्ती त्यांना कळवायला हरकत नाही.

पूर्वभागकर :

आमच्या भागात यंत्रमागावर काम करणारे अनेक जण आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. बिअर थंड असते, अंगातली उष्णता काढते आणि मुतखडा विरघळवून टाकते, असे इथे सर्रास सांगितले जाते. किंबहुना खड्याचे निमित्त करून पिणारेच जास्त. यात तथ्य किती, ते कळावे.

नाडीपरीक्षक :

फ्रीजमधून काढल्यावर ती थंड असते, इतके तथ्य आहे. अल्कोहोल मेंदूतून येणाऱ्या त्या संप्रेरकाला दाबते जे मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते, त्यामुळे लघवी जास्त होते आणि घामाने आधीच सुकलेला माणूस आणखी सुकतो. लघवीची धार मोठी झाली म्हणून खडा निघाला असे वाटते. लहान खडे साध्या पाण्यानेही निघतात आणि झालेला खडा बिअरने विरघळत नाही. उलट बिअरमधल्या प्युरिन नावाच्या द्रव्यांमुळे रक्तातले युरिक ॲसिड वाढते, आणि ज्याला त्याची प्रवृत्ती आहे त्याचा पायाचा अंगठा रात्री असा ठणकतो की अंगावरचे पांघरूण टेकलेले सहन होत नाही. मागावर काम करणाऱ्यांनी पाणी, ताक, लिंबू-मिठाचे सरबत भरपूर घ्यावे. खड्याचा इलाज खड्याच्या डॉक्टरकडे.

वैद्य_मंगळवारपेठ :

आयुर्वेदाच्या बाजूने एक भर घालतो. चरकसंहितेत मेदोवह स्रोतसांची, म्हणजे मेद वाहून नेणाऱ्या मार्गांची, मूळस्थाने म्हणून वृक्क (मूत्रपिंडे) आणि वपावहन (वपा) यांचा उल्लेख आहे, म्हणजे आपण वर सांगितलेली आतली वपा तिथेही मेदाच्या हिशेबात धरलेली आहे. अतिस्थूल माणसाचे वर्णन करताना नितंब, उदर आणि स्तन हलू लागतात असे म्हटले आहे, आणि शरीराच्या वाढीच्या प्रमाणात उत्साह वाढत नाही, हे लक्षण तर आजही कोणत्याही कार्यालयात दुपारी तीन वाजता पाहायला मिळते. त्यात दोष अतिआहार, गोड आणि स्निग्ध पदार्थ, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव यांना दिलेला आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारची झोप टाळा असे सांगणे मात्र मला आजवर जमलेले नाही.

जिममध्ये_नवा :

मी रोज जुळे सोलापुरातल्या व्यायामशाळेत दोनशे क्रंचेस मारतो. तीन महिने झाले, पोटाचे स्नायू दुखतात पण पोट जागचे हललेले नाही. माझे काय चुकते आहे?

नाडीपरीक्षक :

काही चुकत नाही. तुम्ही पोटाचे स्नायू बळकट करत आहात, चरबी मात्र त्यांच्यापुढे आणि मागे जशीच्या तशी आहे. ज्या जागेचा व्यायाम, त्या जागेची चरबी जळेल असे शरीर मानत नाही. टेनिसपटूंचा एक हात दुसऱ्याच्या कितीतरी पट राबतो. १९७१ साली त्यांच्या दोन्ही दंडांवरच्या चरबीची जाडी मोजली गेली, तेव्हा ती सारखीच निघाली. दिलासा एवढाच, की एकूण खाणे आटोक्यात आणून भराभर चालायला लागले, की आतली चरबी सहसा आधी हलते. क्रंचेस शंभरावर आणा आणि उरलेला वेळ चाला.

ज्वारीची_लेक :

इतके सगळे पुरुष आपापल्या पोटाबद्दल एवढ्या आत्मीयतेने लिहीत आहेत, तर त्या पोटाला रात्री बारा वाजता जेवण गरम करून वाढणाऱ्यांच्या वतीनेही दोन शब्द लिहावेत असे वाटले. आमच्याकडे शनिवारी "आज मी जेवून येणार नाही, घरी थोडेसेच खाईन" असा फोन येतो. स्वारी साडेअकराला येते, फ्रीज उघडते, झाकण न लावता दह्याचे भांडे बाहेर निघते, सकाळचे धपाटे एकेक करून संपतात आणि मग "भाजी काय केली होती?" असे विचारले जाते. सकाळी कंबर तलावावर फिरायला जातात हे खरे आहे. परंतु परत येताना शर्टावर सांबाराचा डाग असतो. फिरण्याला माझा आक्षेप नाही, डाग धुवावा लागतो म्हणून लिहिते.

दुसरे असे, की डॉक्टरांनी स्त्रियांचा विषय मांड्या आणि नितंब एवढ्यावर आटोपला. पन्नाशीनंतर आमचीही पोटे सुटतात आणि आमच्यातल्या बहुतेकींनी बिअरची बाटली जवळून पाहिलेलीही नसते.

नाडीपरीक्षक :

ताई, आक्षेप मान्य आहे. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन उतरते आणि मेदाचा ओघ स्त्रियांतही पोटाकडे वळतो. तिथून पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढू लागतो. त्यातच घरातले उरलेसुरले वाया जाऊ नये म्हणून शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पोटात जाते, आणि हे कुठल्याही आहारतक्त्यात लिहिले जात नाही. ८० सेंटिमीटरची रेषा याचसाठी वेगळी आहे. घरात टेप आली की ती दोघांनाही लावावी.

सांबाराच्या डागाबद्दल: भराभर अर्धा तास चालून साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. दोन मेदूवडे सांबारासह खाल्ले की त्या व्याजासकट परत येतात.

अक्कलकोटरोडवरून :

थट्टेच्या धाग्यावर गंभीर प्रश्न विचारतो आहे, क्षमस्व. माझे काका अनेक वर्षे रोज पितात. गेल्या दोन महिन्यांत त्यांचे पोट फार वाढले आहे, पण दंड आणि चेहरा सुकत चालला आहे. बेंबी बाहेर आली आहे, संध्याकाळी पाय सुजतात. ते म्हणतात, "बिअरचे पोट आहे, महिनाभर सोडली की उतरेल."

नाडीपरीक्षक :

क्षमा मागू नका; हा प्रश्न आला नसता तर धागा अपुरा राहिला असता. ही बहुधा चरबी नव्हे. चरबी दोन महिन्यांत असे पोट करत नाही आणि दंड सुकवत नाही. यकृत कठीण होत गेले की पोटात पाणी साठते, त्याला जलोदर म्हणतात. डोळ्यांत पिवळेपणा, काळी शौचास, रक्ताची उलटी, ताप किंवा बोलण्यात गोंधळ, यांतले काहीही दिसले तर वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयात न्या. काही दिसत नसले, तरी याच आठवड्यात फिजिशियनकडे किंवा सिव्हिलला नेऊन सोनोग्राफी आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. आणखी एक: रोज पिणाऱ्याने एकाएकी स्वतःच्या मनाने बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. सोडायची आहेच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

डॉक्टर पोटावर बोटाने ठोकून पाहतील, त्यामागची कथाही सांगून ठेवतो. काकांना घेऊन जाताना वाटेत बोलायला विषय होईल. अठराव्या शतकात ऑस्ट्रियात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांचे वडील खानावळवाले होते, आणि पिंपात दारू किती उरली आहे ते पिंप वरून ठोकत खाली येऊन, आवाज जिथे भरीव होतो ती जागा पाहून ठरवत. मुलाने हीच रीत रुग्णाच्या छातीवर वापरली आणि १७६१ साली त्यावर पुस्तिका लिहिली. समकालीनांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिझार यांनी १८०८ साली तिचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे ती सर्वत्र पोहोचली. आज जलोदर तपासताना रुग्णाला उताणे झोपवून पोटावर ठोकतात. मध्यभागी पोकळ आणि कुशीकडे भरीव आवाज येतो. मग त्याला एका कुशीवर वळवतात. भरीव आवाजाची जागा बदलली, तर आत पाणी आहे. दारूच्या पिंपासाठी निघालेली युक्ती दारूने भरलेल्या पोटापर्यंत येऊन पोहोचली.

अक्कलकोटरोडवरून :

उद्याच नेतो. आभारी आहे.

चखणाधिपती :

डॉक्टरसाहेब, वरील उत्तर वाचून जरा गंभीर झालो आहे. तरीही एक व्यावहारिक अडचण आहे. आठवड्याला किती चालेल, तेवढे आपल्या लेटरहेडवर लिहून दिलेत तर घरी दाखवता येईल. कायद्याचा आधारही आहे: आपल्या महाराष्ट्रात दारू पिण्याचा जो परवाना मिळतो, तो मुळात आरोग्याच्या जतनासाठीच दिला जातो, असे त्यावर छापलेले मी स्वतः वाचले आहे.

नाडीपरीक्षक :

परवान्यावरचा तो मजकूर खरा आहे, आणि विनोदी लेखन करू इच्छिणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येणार नाही असे सांगून टाकले आहे, त्यामुळे माझ्या लेटरहेडवर आपल्याला शून्याखेरीज दुसरा आकडा मिळणार नाही. कमी केलीत तर फायदा आहे, पोट आणि यकृत दोघांनाही. पण ते लिहून देण्यासारखे औषध नाही. त्यापेक्षा रिकाम्या पोटी घेर मोजून कळवा.

ज्वारीची_लेक :

डॉक्टर, आपण तसदी घेऊ नये. हे चखणाधिपती कोण आहेत ते कंबर तलावाचा उल्लेख आला तेव्हाच माझ्या लक्षात आले होते. शिवणाच्या डब्यातली टेप मी काढून ठेवली आहे, आणि घेर आजच रात्री इथे कळवते.